ब्लॉकच्या आतला लाल लेप

जुन्या गाडीचं इंजिन पूर्ण उघडल्यावर, ब्लॉक धुऊन पुन्हा बांधायच्या आधी, काही हौशी मंडळी त्याच्या आतल्या भिंतींना लाल वॉर्निश लावतात. सिलिंडरला नाही, बेअरिंगच्या बैठकींनाही नाही. ओतकामानंतर जिथे मशीनचं हत्यार कधी फिरलंच नाही, त्या खरबरीत भागाला. हे वॉर्निश मुळात इंजिनाचं नव्हेच. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीनं ते विजेच्या मोटर्ससाठी काढलं, ग्लिप्टल नावानं विकलं, आणि पुढे वेगाच्या गाड्या बांधणाऱ्यांनी ते आपल्या इंजिनांत नेलं. लेप लावणारे सांगतात की ओतकामाची उरलीसुरली वाळू त्याखाली कायमची अडकते, तेल गुळगुळीत भिंतीवरून लवकर खाली येतं आणि गाडी उभी राहिली तरी आत गंज चढत नाही. न लावणारे म्हणतात, तो लेप सुटला तर इंजिन गेलं.

सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळापासून चालत पाच मिनिटांवर, वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये असा एक ब्लॉक सध्या लाकडी ठोकळ्यांवर ठेवलेला आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर काढलेल्या फियाट ११०० चा, १९५७ सालचा. पुढची दारं उलटी उघडणारी ही गाडी आपल्याकडे ‘डुक्कर फियाट’ म्हणून ओळखली जाते. मालकांना सगळी इमारत मामा म्हणते. त्यांनी आयुष्यभर मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवलं. त्यांची भाची इंजिनांच्या चाचण्या करणारी इंजिनिअर आहे. लेप लावावा की नाही यावर दोघांचं पटत नाही आणि दोघंही हवेत बोलत नाहीत, म्हणून ते बोलणं इथे देतो आहे. मध्ये मध्ये माझं मत येईल; ते लपवण्याचं कारण नाही.

मामा : जळकी मोटर दुकानात आली की जुनं वाइंडिंग काढायचं, नवं भरायचं, वॉर्निशमध्ये बुडवायचं, भट्टीत भाजायचं आणि वरून लाल फिनिशिंगचा हात द्यायचा. पिंपरीची डॉ. बेक कंपनी अशी वॉर्निशं बनवायची, आमचा माल तिथलाच. तीच मोटर पंधरा-वीस वर्षांनी परत यायची. तांब्याची तार काळी पडलेली, बेअरिंग संपलेलं. पण बिडावरचा लाल थर फडक्यानं पुसला की कालचा वाटायचा. मला या वॉर्निशचं कौतुक पुस्तकातून कळलेलं नाही.

भाची : मोटरच्या आत हवा असते, मामा. धूळ असेल, दमटपणा असेल. इंजिनाच्या आत शंभर अंशांच्या आसपास तापलेलं तेल असतं. रिंगांच्या बाजूनं खाली आलेला जळका वायू असतो, त्यातलं पाणी, त्यातलं आम्ल. थंड इंजिन चोक ओढून चालवलंस की न जळलेलं पेट्रोलही तेलात उतरतं. आणि आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. जुन्या गाड्यांच्या टाकीला आतून लावलेले कितीतरी सीलर इथेनॉलनं मऊ पडले, सालीसारखे निघाले आणि कार्बोरेटरमध्ये जाऊन बसले. टाकीत घडलं ते इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये घडणार नाही असं धरून चालता येत नाही.

मामा : मग गिअरबॉक्सचं काय? कुठल्याही चांगल्या लेथचा हेडस्टॉक उघड. आतून रंग दिलेला असतो, तेलात बुडालेला असतो आणि टिकतो. विहिरीवरची ती संथ डिझेल इंजिनं, लिस्टर धाटणीची, त्यांच्या क्रँककेसला आतून रंग असायचाच. का द्यायचे? ओतकामातली वाळू सुटू नये म्हणून. कारखान्यातलं शहाणपण आहे ते, हौशी लोकांचं खूळ नव्हे.

भाची : शहाणपणच होतं. पण कोणत्या इंजिनासाठी, ते बघ ना. सहा हॉर्सपॉवरचं लिस्टर मिनिटाला साडेसहाशे फेरे घेतं. आत तेल शिंपडलं जातं, बारीक वाटाच नाहीत. एखादा पापुद्रा सुटला तर तळाशी पडून राहील. तुझी फियाट सहा पटींहून जास्त वेगानं फिरते. तिच्यात पंप जाळीतून तेल ओढतो, ब्लॉकमधल्या भोकांतून मेन बेअरिंगकडे ढकलतो, तिथून क्रँकमधल्या भोकांतून बिग एंडला. क्रँक आणि बेअरिंग यांच्यातली फट मिलिमीटरच्या पाच शतांशांच्या आसपास. जाळी अर्धी बुजली तरी तेलाचं प्रेशर पडतं. मी एका जुन्या जीपचा चेंबर उतरवलेला पाहिला आहे. जाळीवर लाल पापुद्रे चिकटलेले होते आणि बेअरिंगचा पांढरा धातू वितळून पसरला होता.

मामा : लावणाऱ्यानं नीट धुतलं नसेल.

भाची : तेच म्हणते मी. सगळा वाद धुण्याचा आहे.

इथे मामांना एक गोष्ट कबूल करावी लागली आणि ती त्यांनी आढेवेढे न घेता केली. ब्लॉक आधी रॉकेलनं, मग कॉस्टिकच्या गरम टाकीत, मग साबणाच्या पाण्यानं धुऊन झाला होता. हात फिरवला तर बोटाला डाग लागत नव्हता. लेप देण्याआधी ओलावा जावा म्हणून त्यांनी तो ओळखीच्या दुकानातल्या वॉर्निशच्या भट्टीत ठेवला. बाहेर काढला तेव्हा कॅमच्या बाजूच्या कोपऱ्यांत तपकिरी डाग उमटलेले होते. साठ-पासष्ट वर्षं मुरलेलं तेल उष्णतेनं वर आलं होतं.

याचं कारण बिडाच्या घडणीत आहे. आपण ज्याला बीड म्हणतो त्या ग्रे कास्ट आयर्नमध्ये कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपानं विखुरलेला असतो. कच्च्या ओतीव पृष्ठभागावर या पापुद्र्यांची तोंडं असतात, शिवाय ओतकामाची बारीक छिद्रं. तेल या वाटांनी आत शिरतं आणि फडक्यानं, ब्रशनं ते निघत नाही. वरचा रंग धरतो तो या पृष्ठभागाला. खाली तेलाचा अंश असेल तर रंग पहिले काही महिने छान दिसतो आणि इंजिन तापून-निवून त्याची पकड सुटत जाते. म्हणून नव्या ओतकामावर दिलेला लेप आणि जुन्या ब्लॉकवर दिलेला लेप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कारखाना धुऊन-पुसून कोऱ्या बिडावर रंग देतो. आपल्यासमोरचा ब्लॉक कोरा नाही.

मामा : मी पुन्हा धुतला. पुन्हा भाजला. डाग फिके झाले. अजून एकदा केलं की जातील. कष्ट पडतील, पडू देत. आणि तू बिडाला तेल मुरतं म्हणतेस, तर ते माझ्याच बाजूनं बोलणं आहे. आईचा बिडाचा तवा आठव. तेल लावून तापवून तापवून त्यावर जो काळा थर बसायचा, तो गंज धरू द्यायचा नाही आणि खरवडूनही निघायचा नाही. हे लाल वॉर्निश अल्कीडचं, आणि अल्कीड म्हणजे वेगळं काय आहे? ग्लिसरीन, थॅलिक अॅनहायड्राइड आणि जवसासारख्या तेलातली आम्लं.

भाची : अगदी खरं आहे. तो थरही तेल कडक होऊनच बनतो. पण तवा रोज तुझ्या हातात असतो. थर उडाला तर दिसतो, पुन्हा तेल लावता येतं. आणि अल्कीड वाळतं ते हवेतला ऑक्सिजन घेऊन. ती क्रिया एका दिवशी थांबत नाही. वर्षानुवर्षं ते जास्त कडक, जास्त ठिसूळ होत जातं. ब्लॉकच्या आत ते कुठल्या अवस्थेत आहे हे इंजिन पुन्हा पूर्ण उघडेपर्यंत तुला कळणार नाही. तू ही फियाट पुन्हा कधी उघडणार आहेस?

मामा : मी नाही उघडणार. तू उघडशील.

भाची : म्हणजे निर्णय तुझा आणि जाळी साफ करायची मी.

मला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो. जुन्या वस्तू जपणाऱ्यांनी जगभर एक नियम स्वीकारलेला आहे: जे कराल ते पुढच्याला उलटवता आलं पाहिजे. ऐतिहासिक वाहनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं, फिवानं, मंजूर केलेली ट्यूरिनची सनद याच विचारावर उभी आहे, आणि तिचं मूळ इमारतींसाठीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत आहे. कागदांच्या बाबतीत जगातल्या अभिलेखागारांनी हे फार मोल देऊन शिकलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जुनी कागदपत्रं सेल्युलोज अॅसिटेटच्या पारदर्शक पडद्यात बंद करण्याची पद्धत आली. तेव्हा ती संरक्षणाची उत्तम रीत वाटली. पुढे तो पडदाच कुजू लागला, त्यातून अॅसिटिक आम्ल सुटू लागलं, आणि कागद वाचवायला पडदा सोडवण्याची वेळ आली. ज्या पेठेत १९१० साली स्थापन झालेली, मोडी दफ्तरं जपणारी संस्था उभी आहे, तिथे राहणाऱ्या माणसाला हे परकं वाटू नये.

मामांना ते परकं वाटलं नाही. त्यांच्याकडे उत्तरही होतं.

मामा : उलटवता येतं. अल्कीडला कॉस्टिक चालत नाही. ब्लॉक गरम टाकीत सोडला की लेपाचा साबण होऊन निघून जातो. इपॉक्सी लावत असतो तर तुझं म्हणणं मान्य केलं असतं, ते हटता हटत नाही. मी मुद्दाम असं वॉर्निश निवडलं की जे काढता येतं.

भाची : हे मी लक्षात घेतलं नव्हतं. मान्य. ब्लॉक बिडाचा आहे, तो टाकीत घालता येतो. हेड अॅल्युमिनियमचं आहे, ते घालता येणार नाही. त्याला आतून काही लावायचं नाही, एवढं आत्ताच ठरवू.

मामा : हेडला कोण लावतंय? आणि ते सरकारचं काय? जुन्या गाड्यांचे नियम आलेत ना?

भाची : २०२१ च्या जुलैत आले. पन्नास वर्षांपुढची दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. अट अशी की चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आतून वॉर्निश लावणं हा फेरफार म्हणता येईल असं मला वाटत नाही. तो आधार घेऊन मी तुला अडवणार नाही.

मामा : उष्णतेचं म्हणतात. लेप आतली उष्णता बाहेर जाऊ देत नाही म्हणे.

भाची : तेही चूक आहे. पन्नास मायक्रॉनचा थर. तेलाकडून भिंतीकडे उष्णता जाताना मुळातच जो अडसर असतो, त्यापुढे हा थर काहीच नाही. पण त्याच न्यायानं तुमचा दुसरा फायदाही खोडते. तेल लवकर ओघळतं म्हणतात ना? गुळगुळीत भिंत असली तरी तेलाचा भिंतीलगतचा थर तिथेच चिकटून उभा राहतो, बाकीचं तेल त्यावरून वाहतं. तेल खाली यायला किती वेळ लागेल हे वरून खाली येणाऱ्या भोकांच्या आकारावर ठरतं. ती भोकं घासून मोकळी कर. सात-आठ हजार फेऱ्यांवर पळणाऱ्या रेसिंगच्या इंजिनाला थेंबाथेंबाचा हिशेब असेल. सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणाऱ्या फियाटला तो नाही.

मामा : वाळू?

भाची : जी वाळू सुटायची होती ती पहिल्या काही वर्षांतच सुटली. इतकी वर्षं गरम तेलाच्या माऱ्यात जी भिंतीला धरून राहिली, ती आता कुठे जाणार? मला भीती वाळूची नाही. तू ब्लॉक बोअर करून आणलास. त्याची भुकटी, होनिंगच्या दगडाची धूळ, कोपऱ्यांत अडकलेले शॉट ब्लास्टिंगचे दाणे, हे सगळं नवं आहे. आणि ते तेलाच्या भोकांत आहे, जिथे तुझा ब्रश वॉर्निश घेऊन पोचणारच नाही. आमच्याकडे नवा भाग धुतात, ते पाणी बारीक पडद्यातून गाळतात आणि पडद्यावर उरलेली घाण मिलिग्रॅममध्ये तोलतात. आयएसओ १६२३२ नावाचं मानक आहे त्यासाठी. कुठला कण किती मायक्रॉनचा, तेही मोजतात. एवढा आटापिटा का? कारण इंजिनाचं आयुष्य पहिल्या तासातच ठरू शकतं.

मामा : घरात कुठे तोलणार मिलिग्रॅम?

भाची : तोलायला नको. तेलाच्या भोकांच्या टोकांचे सगळे प्लग काढ. माझ्यासमोर. ते पितळी असोत, लोखंडी असोत, ड्रिल मारून काढावे लागोत. मग लांब ब्रश आरपार घालायचा, गरम साबणाचं पाणी, मग हवा. शेवटी पांढरं फडकं ओढायचं. फडकं पांढरंच बाहेर आलं पाहिजे.

मामा थोडा वेळ बोलले नाहीत. जुन्या गाडीचं इंजिनकाम करताना प्लग काढायचा कंटाळा सगळेच करतात. मेकॅनिक म्हणतो कशाला छेडता, गळती लागेल. मालकालाही ते पटतं, कारण प्लगमागचं काही दिसत नाही आणि लाल लेप मात्र डोळ्यांना दिसतो, फोटोत दिसतो. माझं मत असं आहे की आतल्या लेपाचं आकर्षण बऱ्याच अंशी त्याच्या दिसण्यात आहे. धुतलेला राखाडी ब्लॉक मेहनत दाखवत नाही. लाल झालेला ब्लॉक दाखवतो. पण मामांचा आग्रह दिखाव्याचा नव्हता, हे त्यांच्या पुढच्या बोलण्यावरून कळलं.

मामा : ठीक आहे. एवढं धुतलं, भाजलं, प्लग काढले, तर मग लेपाचं काम काय उरलं असं तू विचारशील. उरतो पावसाळा. ही गाडी जूनपासून सप्टेंबरपर्यंत हलत नाही. खाली पार्किंगमध्ये भिंती घाम धरतात. तेल सगळं चेंबरमध्ये उतरतं, वरच्या भिंती कोरड्या पडतात, आणि आत हवेतलं पाणी जमतं. मागच्या वेळी ब्लॉक उघडला तेव्हा भिंतीवर तांबूस भुरा होता. तो झडून तेलात गेला तर ती पॉलिश पेपरची भुकटीच.

भाची : हा तुझा खरा मुद्दा. पण गंज लागून इंजिन कशानं जातं? सिलिंडरच्या आतून गंज चढला की रिंगा अडकतात. क्रँकच्या जर्नलवर, कॅमच्या लोबवर, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर डाग पडला की तिथून झीज आणि तडे सुरू होतात. यांतल्या एकाही जागेवर तुला लेप लावता येत नाही. लावता येतो तो जाड भिंतीला, जिला भुऱ्यानं काही होत नाही. म्हणजे जे झाकायचं ते उघडं राहतं आणि जे उघडं राहिलं तरी चालेल ते झाकलं जातं.

मामा : आणि भुरा?

भाची : भुरा येऊच द्यायचा नाही, आणि त्यासाठी जे करायचं त्यानं सिलिंडरही वाचतो. मे महिन्याच्या शेवटी तेल बदल. लोक पावसाळा संपल्यावर बदलतात. तोवर जुन्या तेलातलं आम्ल चार महिने बेअरिंगला लागून बसलेलं असतं. नवं तेल घालून इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालव. मग स्पार्क प्लगच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोड, हँडल मारून क्रँक फिरव, ब्रीदर आणि सायलेन्सरचं तोंड बंद कर. आणि दर रविवारी पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायची तुझी सवय सोड. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, फक्त आत पाणी तयार होतं. चालवायची तर अर्धा तास रस्त्यावर चालव, नाहीतर हात लावू नकोस.

मामा : रविवारी आवाज ऐकल्याशिवाय बरं वाटत नाही गं.

भाची : मग अर्धा तास चालव. टिळक रोडवर रविवारी सकाळी सातला रस्ता रिकामा असतो.

माझा कौल भाचीकडे आहे, आणि तो अर्धा-अर्धा नाही. जुन्या, तेल मुरलेल्या ब्लॉकला आतून लेप देऊ नये. देण्याइतका स्वच्छ झाला असेल तर त्याला लेपाची गरज उरलेली नसते, आणि स्वच्छ झाला नसेल तर लेप धोक्याचा आहे. ब्लॉक नव्यानं ओतलेला असेल, किंवा ओतकाम इतकं सच्छिद्र असेल की त्यातून तेल पाझरतंय, तर गोष्ट निराळी. अशा ओतकामाच्या छिद्रांत निर्वात करून राळ भरण्याची कारखान्यातली पद्धत आहे. ती राळ छिद्राच्या आत बसते, पृष्ठभागावर पापुद्रा म्हणून उरत नाही. घरच्या ब्रशनं ते साधत नाही.

तरी मामांच्या बाजूनं एक गोष्ट नोंदवायलाच हवी. त्यांनी वस्तू कशी बनते ते हातानं शिकलेलं आहे आणि डाग दिसला तेव्हा तो लपवला नाही. इंजिनं बिघडतात ती डाग दिसूनही वर रंग चढवणाऱ्यांच्या हातून.

मामा : डबा आणून ठेवलाय. त्याचं काय करू?

भाची : टॅपेट कव्हरला आतून लाव. पत्र्याचं आहे, मुरलेलं तेल नाही, चकाकेपर्यंत घासता येतं. भट्टीत नीट भाज. ते कधीही उचलून बघता येतं. दोन पावसाळे टिकलं की ब्लॉकचं पुन्हा बोलू.

मामा : दोन पावसाळ्यांनी ब्लॉक बंद झालेला असेल. मग कशाला बोलायचं?

भाची : पुढच्या इंजिनासाठी. तुझ्या त्या मित्राची अँबेसेडर रांगेत आहेच की.

मामा : त्याला मी वॉर्निशचं आधीच सांगून बसलोय.

भाची : मग आज फोन कर. आणि उद्या सकाळी ड्रिल काढून ठेव, प्लगपासून सुरुवात करू.